शेवटच्या डब्याचा मान

रेल्वे फाटकाशी थांबलेल्या मुलांचा एक जुना खेळ आहे. मालगाडी आली की वाघिणी मोजायच्या. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे आकडे चढत जातात, आवाज धडधडत दूर जाऊ लागतो आणि सर्वांत शेवटी एक आखूड, बसका डबा येतो. त्याच्या दोन्ही टोकांना छोटासा ओटा, ओट्यावर पांढऱ्या पोशाखातील एक माणूस आणि त्याच्या हातात हिरवे निशाण. मुले हात हलवतात, तोही हलवतो आणि मोजणी संपते. हा डबा म्हणजे गार्डाचा डबा. रेल्वेच्या कागदोपत्री त्याला ब्रेक व्हॅन म्हणतात. अमेरिकेत अशाच डब्याचे नाव ‘कबूस’. तेथे या डब्याच्या जुन्या खेळण्यातील प्रतिकृती जमविणारे संग्राहक हजारोंनी आहेत. ज्या डब्यातून एका पैशाचा माल वाहिला जात नाही, त्यावर एवढा जीव का जडावा, हा प्रश्न व्यापारी घरातील वाचकास पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते दौंडच्या यार्डात सापडते.

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन बाजारगावे. परंतु त्यांचा पिंड वेगळा. घोडनदीच्या काठचे शिरूर पुणे-नगर रस्त्यावर वाढले. तेथे रेल्वे कधी आली नाही. बैलगाडी, पुढे मोटार आणि ट्रक यांवर तेथील पेठ उभी राहिली. भीमेकाठचे दौंड मात्र रुळांनी घडविले. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत १८५८ साली रेल्वे आली आणि लवकरच ती दौंडवरून बार्शी रोडकडे, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीकडे, सरकली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. सुमारे २३५ किलोमीटरच्या या मार्गाने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन मोठ्या शाखा एकमेकींना जोडल्या. उत्तरेकडून येणाऱ्या मालास दक्षिणेकडे जाण्यासाठी थळ घाट उतरून पुन्हा बोर घाट चढण्याचे कारण उरले नाही. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अडीच फुटी अरुंद मापाची छोटी गाडी सुरू झाली आणि दौंड खऱ्या अर्थाने तिठा बनले.

या तिठ्याची एक गंमत होती. मनमाडचा मार्ग पुण्याच्या अंगाने येऊन दौंडला मिळतो. त्यामुळे पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड स्थानकात शिरली की तिला उलट दिशेने बाहेर पडावे लागे. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाई. मालगाडी असेल तर गार्डाचा डबाही काढून विरुद्ध टोकाला जोडावा लागे. जे टोक पुढे होते ते मागे आणि जे मागे होते ते पुढे. आता कॉर्ड लाईनमुळे अनेक गाड्यांना दौंड स्थानकात हा उलटफेर करावा लागत नाही. परंतु दौंडच्या कित्येक रेल्वे कुटुंबांचा दिवस या अदलाबदलीच्या शिट्ट्यांनी उगवला आणि मावळला.

गार्डाच्या डब्याचे काम समजून घेतले की त्याचा मान कळतो. जुन्या काळी मालगाडीच्या सर्व वाघिणींना इंजिनातून लावता येणारा ब्रेक नसे. उतारावर वेग आवरायचा तर मागच्या डब्यातील गार्ड हाताने चाक फिरवून ब्रेक आवळी. म्हणून त्या डब्याचे नाव ब्रेक व्हॅन. तो मुद्दाम जड बनवीत. पुढे निर्वात ब्रेक आले, त्यानंतर हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. तरी शेवटच्या डब्यात दाब दाखविणारे घड्याळ आणि आणीबाणीचा झडपदांडा राहिलाच; कारण इंजिनातून सोडलेला दाब शेपटीपर्यंत पोहोचला की नाही, हे शेपटीलाच कळते.

दुसरे काम त्याहून मोलाचे. दोन स्थानकांमधील रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी, हा रेल्वेच्या सुरक्षिततेचा पाया आहे. आलेली गाडी पूर्ण आली आहे याची खात्री झाल्याशिवाय स्टेशनमास्तर मागील स्थानकास मार्ग मोकळा झाल्याचे कळवीत नाही. ही खात्री कशावरून? शेवटच्या डब्यावरील खुणेवरून. दिवसा तेथे लाल पाटी असते, रात्री लाल दिवा. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली रंगविलेली असते. ती खूण दिसली नाही तर गाडी मध्येच तुटून काही वाघिणी मागे राहिल्या असण्याचा संभव असतो. इंजिन समोर उभे असले, चालक हजर असला, तरीही गाडी ‘आली’ असे धरीत नाहीत.

आणि खरोखरच गाडी मध्ये अडली तर? मग तो एकटा माणूस खाली उतरतो. नियम असा की ब्रॉडगेजवर अडलेल्या गाडीपासून ६०० मीटरवर एक आणि किमान १२०० मीटरवर, सुमारे दहा दहा मीटरच्या अंतराने, तीन फटाके रुळावर बसवायचे. मागून येणाऱ्या इंजिनाचे चाक त्यावरून गेले की स्फोटाचा आवाज होतो आणि चालक गाडी थांबवितो. कागदावर हे दोन ओळींचे कलम आहे. परंतु अमावस्येच्या रात्री, पावसात, खडीवरून कंदील सावरीत सव्वा किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे पाऊल क्षणभर थांबले, तर मागच्या गाडीतील किती जणांचे प्राण पणाला लागतील याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही. बहुतेक गार्डांच्या सबंध नोकरीत असे प्रसंग क्वचितच आले असतील. तरी प्रत्येक फेरीला फटाक्यांची डबी, दोन निशाणे, शिट्टी आणि हातदिवा तपासूनच ते डब्यात चढत.

त्या डब्यात सुख मात्र नव्हते. पुढच्या सर्व वाघिणींचे हिसके शेवटी त्याच्यावर येऊन आदळत. दिवा, पंखा, शौचालय या सोयी अनेक डब्यांत कित्येक वर्षे नव्हत्या. एका लोखंडी पेटीवर बसून उन्हाळ्याच्या दुपारी माळरानातून तासन् तास जायचे, बोलायला कोणी नाही. मालाच्या पावतीवर या माणसाचे नाव नसे. ज्या हुंडेकऱ्याने माल चढविला त्याचे नाव कागदावर, ज्या आडत्याने सोडविला त्याचेही. मधल्या शेकडो किलोमीटरांचा राखणदार मात्र अनामिक. व्यापारी घराण्यांनी मालधक्क्यावर बिल्टी दाखवून सोडविलेल्या गुळाच्या, कापडाच्या, धान्याच्या प्रत्येक गाठीमागे असा एक अनामिक माणूस होता.

आता हा डबा हळूहळू मावळतो आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. रुळांवर बसविलेली यंत्रे गाडीचे आस मोजून ती पूर्ण आली की नाही हे सांगू लागली आहेत. शेवटच्या वाघिणीवर छोटे बिनतारी यंत्र बसवून गार्डाच्या डब्याविना मालगाडी चालविण्याचे प्रयोगही सुरू आहेत. ब्रिटनमध्ये सर्व वाघिणींना ब्रेक असलेल्या गाड्यांवरील हा डबा १९६८ मध्येच ऐच्छिक झाला. अमेरिकेत १९८२ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारानंतर ‘कबूस’ झपाट्याने हटले आणि त्यांच्या जागी लुकलुकणारा दिवा असलेली पेटी आली. हा बदल वाईट आहे असे म्हणता येणार नाही. एका माणसाला भर उन्हात एकटे लोखंडी डब्यात बसावे लागू नये, हे चांगलेच. परंतु जी वस्तू जाते तिची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न मागे उरतो.

अमेरिकेने तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडविला. ‘कबूस’ हा शब्द मुळात जहाजावरील स्वयंपाकघराचा. तेथील गाड्यांवरील कर्मचारी या डब्यात राहत, शेगडीवर अन्न शिजवीत, झोपत. छतावर काचेचा उंचवटा असे. त्यात बसून ते पुढच्या वाघिणींवर नजर ठेवीत. काम संपल्यावर शेकडो कबूस बागांत, शाळांच्या आवारात, ग्रंथालयांसमोर जाऊन उभे राहिले. पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गजवळ १९७० पासून जुन्या कबूसांमध्ये प्रवाशांना राहण्याची सोय करणारे एक विश्रामगृहच चालू आहे. आणि घरोघरी जे उरले ते खेळण्यांतले कबूस.

या खेळण्यांच्या धंद्याची कथा व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ‘लायोनेल’ कंपनी काढली. त्यांनी प्रथम बनविलेली विजेवरची छोटी वाघीण हे खेळणे नव्हतेच. दुकानाच्या दर्शनी खिडकीत तिच्यावर माल ठेवून ती फिरवावी आणि गिऱ्हाईक आकर्षित करावे, असा हेतू होता. गिऱ्हाईक आले, पण वाघिणीवरील मालाऐवजी वाघीणच मागू लागले, असे सांगतात. पुढे याच कंपनीने इंजिने, डबे आणि प्रत्येक मालगाडीच्या शेवटी एक कबूस अशी मालिका उभी केली. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या गोल खिडक्यांच्या खऱ्या कबूसावरून तिने १९५३ मध्ये काढलेली प्रतिकृती आजही संग्राहकांच्या कपाटात असते. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० पासून चावीच्या गाड्या आणि १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान मापाची मालिका आणली. तिच्या मालगाडीच्या संचातही शेवटी ब्रेक व्हॅन होती.

१९५७ मध्ये लायोनेलने मुलींसाठी म्हणून एक संच काढला. इंजिन गुलाबी, वाघिणी फिक्या रंगांच्या आणि कबूस आकाशी. बाजारात तो सपशेल पडला. मुलींना खऱ्या गाडीसारखी काळी गाडीच हवी होती. दुकानदारांकडे माल पडून राहिला. आज तोच न खपलेला संच संग्राहकांच्या जगात सर्वांत महागड्या संचांपैकी एक मानला जातो. कारण तो फार थोड्या घरांत पोहोचला. अर्थात त्यापाठोपाठ नकलाही आल्या. साध्या डब्यावर आकाशी रंग चढवून तो अस्सल म्हणून विकणारे निघाले. टंचाईने भाव चढतो आणि चढलेल्या भावामागे बनावट चालत येते, हा बाजाराचा नियम खेळण्यांनाही चुकला नाही.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत मोठे स्थान पुण्यात आहे. कोथरूड येथील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले. छोट्या गाड्यांचे प्रदर्शन त्यांनी आधी फिरत्या स्वरूपात भरविले आणि पुढे कायमची जागा केली. तेथे एका छोट्या नगरात वाफेची इंजिने, डोंगरी गाडी, सिग्नल, पूल हे सारे नियंत्रित क्रमाने चालते. दिवे मंदावून रात्र होते आणि छोट्या घरांच्या खिडक्या उजळतात. शिरूर वा दौंडहून सकाळी निघालेले कुटुंब ते पाहून संध्याकाळी घरी परतू शकते. खरे जुने डबे पाहायचे असतील तर दिल्लीचे १९७७ मध्ये उघडलेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि नागपूरच्या मोतीबाग येथील २००२ चे अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय ही दोन ठिकाणे आहेत.

छोट्या गाडीचे गणित मुलांना शिकविण्यासारखे आहे. सर्वत्र रूढ असलेल्या एका मापात खरी वस्तू ८७ पटींनी लहान केलेली असते. तिचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे आहेत. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. त्यास ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येते, म्हणून बाजारातील रुळांवर भारतीय डबा नेमका बसत नाही. उलट जुन्या दौंड-बारामती गाडीचे ७६२ मिलिमीटरचे माप भागून पावणेनऊ मिलिमीटर येते आणि तयार मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळांशी ते जवळजवळ जुळते. म्हणजे बारामतीची ती गाडी घरच्या मेजावर पुन्हा धावू शकते. याच मापाने गार्डाला चालावे लागणारे १२०० मीटर अंतर सुमारे १४ मीटर भरते. दिवाणखान्यापासून माजघर ओलांडून परसदारापर्यंत मुलाला चालायला लावावे, ‘एवढे लांब?’ असे तोच विचारील.

मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत भारतीय गार्डाचा डबा सहसा आढळत नाही. तो हवा असेल तर मोजमापे घेऊन पुठ्ठ्यात, लाकडात वा पत्र्यात स्वतः करावा लागतो. येथेच दौंडचे महत्त्व आहे. ज्यांनी त्या डब्यात तीस-पस्तीस वर्षे काढली अशी निवृत्त माणसे दौंडच्या घराघरांत आहेत. पेटी कोठे ठेवीत, कंदील कोठे टांगीत, हातब्रेकचे चाक कोणत्या बाजूला फिरे, हिसका येणार हे आधी कशावरून ओळखत, ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही. पितळी कंदील अडगळीतून पन्नास वर्षांनीही निघेल. ही माहिती मात्र माणसाबरोबर जाते. शाळेतील एखाद्या मुलाने सुट्टीत वही घेऊन अशा आजोबांपुढे बसावे आणि त्यांच्या सांगण्यावरून एक डबा करावा. तो ओबडधोबड झाला तरी कोणत्याही विकतच्या संचाहून अधिक मोलाचा ठरेल.

संग्रह करू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या खेळण्यास नवा रंग देऊ नये. मूळ रंग उडालेला असला तरी त्याचीच किंमत असते. खोका फेकू नये. जुन्या काळातील जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असल्यास कालांतराने चाकांना तडे जातात आणि ती चुरा होतात. तेव्हा खरेदीपूर्वी चाके पाहावीत. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने ती लहान मुलांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. अमेरिकन संच ११० व्होल्टवर चालतात. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेस ते थेट जोडणे धोक्याचे आहे.

खऱ्या रेल्वेच्या वस्तूंविषयी अधिक सावधगिरी हवी. कंदील, कुलूप, पाटी असे काही भंगारात स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ अन्वये, चोरीची वा बेकायदा मिळविल्याचा वाजवी संशय येणारी रेल्वेची वस्तू ज्याच्या ताब्यात सापडेल, त्याला ती आपल्याकडे कायदेशीरपणे आली हे सिद्ध करावे लागते. रेल्वेच्या लिलावात घेतलेल्या वस्तूची पावती वस्तूबरोबरच जपावी. व्यापाऱ्यास हे वेगळे सांगायला नको. ज्या मालास कागद नाही तो माल दारात घेऊ नये, हा धडा पूर्वजांनी घालून दिलाच आहे.

घरातील संग्रहाची सुरुवात मात्र विकत न घेताही होऊ शकते. जुन्या पेढ्यांच्या दप्तरात पिवळ्या पडलेल्या बिल्ट्या, डॅमरेजच्या पावत्या, हुंडेकऱ्यांची पत्रे अद्याप असतील. कोणता माल कोणत्या स्थानकावरून किती दिवसांत आला, हे त्यांवरून कळते. रद्दीच्या भावात जाण्यापूर्वी त्या चाळाव्यात, सावलीत कोरड्या जागी ठेवाव्यात आणि प्रत्येकीमागे पेन्सिलीने दोन ओळींची माहिती लिहावी.

एक शंका जैन घरात उठणारच. संग्रह म्हटला की परिग्रह आला. मग हा छंद कितपत योग्य? शंका रास्त आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे, म्हणजे मर्यादा स्वतः आखून घेणे. छंदालाही तीच कसोटी लावावी. एक कपाट, एक रक्कम, एक विषय अशी सीमा आधी ठरवावी आणि ती ओलांडू नये. हातात घेतलेल्या डब्याची माहिती सांगता आली नाही तर तो केवळ साठा. चार मुलांना बोलावून दाखविता आला, शाळेला देता आला, तर त्यातून ज्ञान वाटले जाते. आपल्या गाड्या कपाटात बंद न ठेवता लोकांसाठी मांडणाऱ्या पुण्यातील त्या संग्राहकाचे उदाहरण जवळच आहे.

ज्या डब्याने कधी माल वाहिला नाही, त्याच्यावर मालगाडीचा सारा विश्वास होता. पेढीवरही अशी माणसे असतात. ती गल्ल्यावर बसत नाहीत, त्यांचे नाव पाटीवर नसते, पण रात्री वखारीचे कुलूप दोनदा ओढून पाहणारी तीच असतात. दौंडच्या रुळांवर आज जे थोडे गार्डाचे डबे दिसतात, ते आणखी काही वर्षांनी दिसतीलच असे नाही. फाटकाशी गाडी थांबली असता मुलांना वाघिणी मोजू द्याव्यात, आणि शेवटचा डबा आला की त्यातील माणूस तेथे कशासाठी उभा आहे तेवढे सांगावे.